आईला पाण्याची भीती, बाबांना खाडीची ओढ, आणि एकाच दिवसात परत यायचंय

या आठवड्याचं पत्र:

"मावशी, फेब्रुवारीत आईबाबांच्या लग्नाला चाळीस वर्षं होतायत. बाबा दाभोळ खाडीकाठचे, लहानपणी होडीनेच सगळीकडे जायचे, मुंबईत आल्यापासून ते सगळं सुटलं. आई कराडची. तिचे गुडघे दुखतात आणि गेटवेच्या बोटीचा अपघात टीव्हीवर बघितल्यापासून बोटीचं नाव काढू देत नाही. दादाचं म्हणणं, गेटवेहून रात्रीची पार्टी क्रूझ बुक करू, जेवण, म्युझिक सगळं असतं, आणि आईला आधी सांगायचंच नाही, थेट तिथे नेऊन उभं करायचं. मला मात्र दिवसाउजेडी, शांतपणे नदीतून बोटीने जाऊन रात्री घरी यायचंय. मुंबईजवळ असं काही आहे का? आईला कसं तयार करू? आणि दादाला काय सांगू? – मुलुंडची लेक"

अगं लेकी,

आधी दादाचं सांगते, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. आईला न सांगता जेट्टीवर नेऊन उभं करायचं हे अजिबात करू नका. पाण्याची भीती वाटणाऱ्या माणसाला सरप्राइज म्हणून बोटीसमोर उभं केलं तर ती चार लोकांसमोर नाही म्हणू शकत नाही, मुकाट्याने चढते, दोन तास कठडा घट्ट धरून बसते, आणि पुढची दहा वर्षं बोटीचा विषय घरात निघत नाही. त्यांच्या लग्नाला चाळीस वर्षं होतायत, तेव्हा दिवस कसा घालवायचा हे त्या दोघांना विचारूनच ठरवा. दादाचा हेतू चांगलाच आहे, त्याचं मन मोडायचं नाहीये, त्याला कुठलं काम द्यायचं ते पुढे सांगते.

आता आईची भीती. ती काही उगीच घाबरत नाहीये. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या बोटीला नौदलाची स्पीडबोट येऊन धडकली, माणसं गेली, हे खरंच घडलंय आणि तिने ते टीव्हीवर बघितलंय. अशा वेळी "काही होत नाही गं, किती लोक रोज जातात" असं म्हटलं की तिला वाटतं आपलं कुणी ऐकतच नाही. त्यापेक्षा तिला विचार, नक्की कशाची भीती वाटते? बोट हलते त्याची, खोल पाण्याची, चढताना पाय घसरेल त्याची, की मध्येच उतरता येणार नाही त्याची? माझा अंदाज, शेवटच्या दोन गोष्टी जास्त असतील. गुडघे दुखणाऱ्या बाईला समुद्रापेक्षा पायऱ्यांची भीती जास्त असते. आणि कराडची म्हणजे प्रीतिसंगमाच्या गावची, कृष्णा-कोयना तिने घाटावर बसून बघितलेल्या असणार. नदी तिला नवीन नाही, पायाखाली फळी हलणं नवीन आहे.

म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे. अशी बोट निवड जिच्यात पायऱ्या न चढता जाता येईल, जिचा प्रवास छोटा असेल, आणि पलीकडे पोचल्यावर आई "आता मी बोटीने परत येणार नाही" म्हणाली तर रस्त्याने घरी येता येईल. या तिन्ही गोष्टी तुझ्या घरापासून फार लांब नसलेल्या एका ठिकाणी जुळतात, ते म्हणजे भाईंदर ते वसई रो-रो, गाड्यांसकट माणसं पलीकडे नेणारी बोट.

तू म्हणशील मी नदी मागितली, मावशी खाडी देतेय. मुंबईतल्या नद्या म्हणजे मिठी, दहिसर, पोयसर, ओशिवरा, त्यांच्यात बोट फिरवायची सोयच उरलेली नाही. आपल्याकडे नदीचं खरं मोठं पात्र बघायचं तर उल्हास. राजमाचीच्या डोंगरात उगम पावते, कर्जत, नेरळ, बदलापूर करत कल्याणला येते, दुर्गाडी किल्ल्याच्या पायथ्याशी खाडीला लागते, मग डोंबिवली, कशेळी, कोलशेत, गायमुख, घोडबंदर असं करत भाईंदर आणि वसईच्या मधून समुद्राला मिळते. कल्याणपासूनचा हा पट्टा सरकारने राष्ट्रीय जलमार्ग ५३ म्हणून जाहीरसुद्धा केलाय, पण कल्याणहून निवांत बोटीत बसून वसईला उतरलो असं आज तरी करता येत नाही, नाहीतर मी तेच सुचवलं असतं. त्याच नदीचं मुख मात्र आज, तिकीट काढून, गाडीसकट पार करता येतं.

ही रो-रो फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. रस्त्याने पस्तीसेक किलोमीटरचा वळसा पडतो तिथे पाण्यातून चारेक किलोमीटर, साधारण पंधरा-वीस मिनिटं. सुरू झाली तेव्हा माणशी तिकीट तीस रुपये होतं आणि कारचं दोनशेच्या आत, आता थोडं इकडेतिकडे झालं असेल तरी क्रूझच्या पैशांपुढे ते काहीच नाही. बोटीचं तोंड रॅम्पसारखं खाली येतं आणि गाडी सरळ आत जाते. आईला एकही पायरी चढावी लागत नाही! तिला वाटलं तर ती गाडीतच बसून राहू शकते, फक्त काचा खाली असू देत, सीटबेल्ट काढलेला असू दे आणि दार लॉक नको, म्हणजे कधीही पटकन बाहेर येता येतं. उतरायचं असेल तर गाड्या लागून इंजिनं बंद झाल्यावर उतरव आणि बोटीचं तोंड वर झाल्यावरच पुढे जाऊ दे. रॅम्पचा पत्रा ओला असतो, कडेला शेवाळ असतं. पायात मागे पट्टा असलेली सँडल हवी, नुसती अंगठ्याची चप्पल नको.

आणि बाबांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगते. दाभोळ-धोपावे फेरीबोट चालवणारी जी सुवर्णदुर्ग शिपिंग कंपनी आहे ना, तीच ही वसई-भाईंदरची बोट चालवते. बाबा गाव सोडून आले तेव्हा दाभोळला होडीच होती, ती फेरीबोट २००३ ची. नंतर सुट्टीत गावी जाताना बसले असतील तर भाईंदरला बोट बघितल्या बघितल्या ओळखतील.

आता सगळ्यात महत्त्वाचं, तारीख. लोक रविवार बघतात, हॉटेल बघतात, ड्रायव्हर आहे का बघतात, पण भरती बघत नाहीत आणि मग जाऊन काळा चिखल बघून येतात. खाडी ओहोटीला आणि भरतीला दोन वेगळ्या जागा वाटतात. ओहोटीला पाणी मधल्या पट्ट्यात जातं, दोन्ही बाजूला चिखल उघडा पडतो, आणि खरं सांगायचं तर वासही येतो, कारण अर्ध्या शहराचं सांडपाणी या खाड्यांमध्येच जातं. (त्या चिखलातही गंमत असते, निवट्या, म्हणजे चिखलातले छोटे मासे, पंखांवर रेटा देत टुणटुण उड्या मारत पळतात, अगदी जवळ गेलं की भोकात गुडूप! पण हे बाबांना आवडेल, आईला नाही.) भरतीला तेच पात्र तिवरांच्या मुळांपर्यंत भरून येतं, कोळ्यांच्या होड्या डुलायला लागतात आणि आपण खरोखर मोठ्या नदीत आलोय असं वाटतं.

भरतीची वेळ काढायची कोकणातली जुनी रीत बाबांना नक्की माहीत असणार. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला बारा वाजायच्या आसपास, प्रतिपदेला पाऊण, द्वितीयेला दीड. दिवसाही तीच आणि रात्रीही साधारण तीच, आणि खाडीत आत जाल तसं थोडं उशिरा. तुम्हाला दुपारी पाणी भरलेलं हवंय, तेव्हा पौर्णिमा किंवा अमावास्येपासून तृतीयेपर्यंत जो शनिवार-रविवार येईल तो धर. अष्टमीच्या आसपासचा रविवार असेल तर सोड, ऐन बाराला ओहोटी मिळेल. लग्नाची तारीख नेमकी अष्टमीला येत असेल तर घरी ओवाळून पुरणपोळी त्या दिवशी आणि बोट आठवडाभर पुढे-मागे, काही बिघडत नाही. आणि हे कॅलेंडरचं काम तू करू नकोस, बाबांना करू दे. त्यांच्यासमोर कालनिर्णय ठेव आणि नुसतं विचार की बाबा भरती कधी आहे हो. ते जे बोलायला लागतील ते आईने ऐकायला हवं. मुलांनी कितीही समजावलं तरी ज्या माणसाबरोबर चाळीस वर्षं काढली त्याला पाण्याचं एवढं कळतं हे बघून तिला जास्त धीर येईल.

दिवसाचा प्लॅन अगदी ढिला ठेव. मुलुंडहून घोडबंदर रोडने सकाळी लवकर निघा, उशीर केला तर तो रस्ता अख्खी सकाळ खातो. गायमुखच्या पुढे उजव्या हाताला खाडी दिसायला लागते, तिथे बाबांना खिडकीची बाजू द्या. भाईंदर पश्चिमेच्या जेट्टीवरून फेऱ्यांच्या वेळा बदलत असतात, आदल्या दिवशी फोन करून विचारून घ्या. बोट सुटली की मागे रेल्वेचा पूल दिसतो, विरार लोकलच्या दारातून जी खाडी दोन मिनिटं दिसून जाते तीच ही, फक्त आता लोकल लांबून जाताना दिसते आणि आपण पाण्यावर. पंधरा मिनिटांत तेवढंच होतं पण तेवढं पुरतं. परतीला पुन्हा तेच, उलट्या बाजूने, वेगळ्या उजेडात.

वसईला उतरलात की किल्ल्यातच आहात. जेट्टीकडून येणारा रस्ता किल्ल्यातूनच जातो, त्यामुळे आईला फार न चालता बरंच दिसेल, पडकी चर्चेस, कमानी, त्यांच्यावर चढलेले वड-पिंपळ. १७३९ साली चिमाजी आप्पांनी हाच किल्ला पोर्तुगीजांकडून घेतला, त्यांचं स्मारक तिथेच आहे. किल्ल्यात खायची सोय धरून चालू नका, पाणी आणि थोडा खाऊ जवळ ठेवा, जेवायला वसई गावात जा. बाबा दाभोळचे म्हणजे माशाशिवाय लग्नाचा वाढदिवस होणार नाही, तेव्हा ताजं पापलेट किंवा बोंबील मिळेल असं साधं हॉटेल आधीच हेरून ठेवा. आणि सुकेळी मिळाली तर नक्की घ्या. राजेळी केळी वाळवून करतात, वसई-आगाशीकडचीच वस्तू, मुंबईत सहज मिळत नाही. दुपारी दोघांना कुठेतरी सावलीत अर्धा तास नुसतं बसू द्या. पोरांनी सारखे फोटो काढू नयेत एवढंच.

बाथरूमचं आधी बघून ठेव. छोट्या बोटींवर सोय नसते आणि आपल्या आया तेवढ्यासाठी सकाळपासून पाणीच पीत नाहीत, मग उन्हात चक्कर येते आणि बोलणी बोटीला बसतात. निघताना, वाटेत हॉटेलात आणि जेवणानंतर असे थांबे ठरवूनच निघा. मळमळीची गोळी एवढ्याशा प्रवासाला लागणार नाही, तरी द्यायचीच असेल तर आईच्या बीपी-शुगरच्या गोळ्या दाखवून डॉक्टरांना विचारून द्या.

लाइफ जॅकेट पंधरा मिनिटांच्या बोटीतही मागा. नुसतं हातात घेऊन नाही, घालून. आधी बकल लागतंय ना बघ, बऱ्याच जॅकेटांचे पट्टे लोंबत असतात आणि बकल गायब असतं, ते परत करून दुसरं घे. सगळ्यात आधी तू आणि दादा घाला, म्हणजे आईला वाटणार नाही की एकट्या माझ्यावरच हे चढवलंय. बोटीवर किती माणसं घ्यायची परवानगी आहे ते लिहिलेलं असतं, गर्दी जास्त वाटली तर सरळ पुढच्या फेरीला थांबा.

हे जमलं आणि आई परत येताना गाडीतून उतरून कठड्यापाशी उभी राहिली, तर मग पुढचं. मार्चमध्ये ऐरोली. मुलुंडचा पूल ओलांडला की आलंच. तिथे कांदळवनवाल्यांचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे, तिथून ठाणे खाडीत फ्लेमिंगो बघायला बोट जाते. ही खरी तुला हवी तशी फेरी, शांत, तासाभराची, दोन्ही बाजूंना कांदळवन. २०१५ पासून ते अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये त्याला रामसर दर्जाही मिळाला, म्हणजे महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून जगाने दखल घेतली. पक्षी साधारण नोव्हेंबर ते मे असतात, जानेवारी ते मार्च सगळ्यात चांगला काळ. बोटवाला इंजिन बारीक करतो आणि मग दिसतं की हे एवढे उंच पक्षी मान पार खाली घालून, चोच उलटी करून, चिखलाचं पाणी गाळत गाळत पुढे सरकतायत, थव्यातला प्रत्येक जण तेच करतोय, आणि एखादा उडाला की पंखाखालचा लाल-काळा रंग एकदम उघडतो. आईला हे आवडेल याची मला खात्री आहे. पण पहिल्याच वेळी नको, कारण तासाभराच्या बोटीतून मध्येच उतरता येत नाही. फेऱ्यांच्या वेळा रोज भरतीप्रमाणे बदलतात, बुकिंग आधी करावं लागतं, आणि फोनवर विचारून घे की जेट्टीवरून बोटीत उतरायला पायरी किती उंच आहे.

गेटवेहून मांडवा किंवा घारापुरी हे सध्या तरी नको. तो नदीचा नाही, बंदराचा प्रवास आहे, पायऱ्या ओल्या असतात, आणि कधी कधी एका बोटीतून दुसऱ्या बोटीत पाय टाकून जावं लागतं, आईच्या गुडघ्यांना ते नाही झेपणार. मांडव्याला जायचंच असेल कधी तर भाऊच्या धक्क्याहून रो-रो आहे, ती मोठी आहे, गाडी आत जाते, पण तिथेही तासभर लागतो. कोलाडला कुंडलिका आहे पण तिथे राफ्टिंग, ते तुझ्या आणि दादाच्या वयाचं काम.

आणि "फुल डे रिव्हर क्रूझ" अशा जाहिराती फोनवर येतात त्यांना पैसे पाठवायच्या आधी एकच विचारायचं, प्रत्यक्ष पाण्यावर किती वेळ? आमच्या सोसायटीतल्या एका काकांना अशा ट्रिपला सकाळी सहाला बसमध्ये बसवलं आणि बोटीत बसले ते जेमतेम पाऊण तास, बाकी सगळा दिवस हायवे आणि कुठल्याशा रिसॉर्टचा रेन डान्स. फेरी रद्द झाली तर पैसे परत मिळणार का हेही मेसेजमध्ये लिहून घ्यायचं, नुसतं बोलण्यावर जायचं नाही.

राहिला दादा. त्याला म्हण, रात्रीच्या क्रूझवर काळोखात बाबांना पाणी दिसणार नाही आणि स्पीकरपुढे दोघांना एकमेकांचं बोलणं ऐकू येणार नाही, तुला हवी असेल तर आपण भावंडं मिळून दुसऱ्या कुठल्या शनिवारी जाऊ, मी पण येते. आणि आईबाबांच्या दिवसाची गाडी त्याच्याकडे दे. रो-रोवर गाडी चढवताना चालवणारा शांत लागतो, तिथला माणूस हात दाखवेल तेवढंच पुढे, मग हँडब्रेक. हे त्याला मोठं काम वाटेल आणि आहेच. शक्य असेल तर त्याने एकट्याने आधी एकदा जाऊन यावं, जेट्टीचा रस्ता, रांग कुठे लागते, बाथरूम कुठे, हॉटेल कुठलं, सगळं बघून यावं, आणि येताना बोटीचा एक व्हिडिओ काढून आणावा, रॅम्पवरून गाडी कशी जाते तो. तो व्हिडिओ आईला दाखवा आणि मग विचारा. नाही म्हणाली तर त्या रविवारी चौघं रस्त्याने वसईला जा, किल्ला बघा, जेवा, आणि बाबांना घेऊन दादा बोटीने येऊ दे, तू आणि आई दुसऱ्या गाडीने भाईंदरच्या धक्क्यावर त्यांना घ्यायला जा.

– मावशी